वर्दी आली, गाडी सुटली : मधल्या तीन मिनिटांची हकीकत

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी कार्यालयातला टेलिफोन मुख्यत्वे दोन कारणांनी वाजतो. "सायेब, माझी तोड कधी?" हे एक आणि "अवो, ऊस पेटलाय!" हे दुसरे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उशीर झाला तर आपण रागावता, आणि तो राग रास्तही असतो. पण त्या उशिराने फड जळत नाही. दुसऱ्या टेलिफोनचा हिशेब मिनिटांचा आहे. फेब्रुवारी-मार्चची दुपार, वाळून खडखडीत झालेले पाचट आणि सुटलेला वारा एकत्र आले म्हणजे माणूस विहिरीवरून बांधापर्यंत येईतो आग पुढच्या गटात गेलेली असते. बारा महिने, आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने पोटच्या पोरागत वाढवलेले पीक अर्ध्या तासात काळे होते.

आगीच्या बंबाविषयी आपण सगळे बोलतो. वेळेवर आला तर थोडे बोलतो, उशिरा आला तर पुष्कळ. पण बंब आपल्या पायाने येत नाही. त्याला कोणीतरी कोठे जायचे, कोणत्या रस्त्याने जायचे, पाणी कोठे भरायचे हे सांगून सोडावे लागते. ते काम एका खोलीत, टेबलाशी बसून होते आणि फडात उभ्या असलेल्या माणसाला ते कधीच दिसत नाही. गेली काही वर्षे हंगामात ह्या खोलीची देखरेख माझ्याकडे आहे. सबब तेथे काय चालते हे एकदा आपल्यापुढे मांडावे असे मनात होते.

अग्निशमन दलात आगीच्या खबरेला 'वर्दी' म्हणतात. मोठ्या शहरांतील दलांत वर्दी घेण्यासाठी स्वतंत्र नियंत्रण कक्ष असतो, टेलिफोनवर पाळीने माणसे बसतात आणि त्यांच्यावर पाळीचा एक प्रमुख असतो. आपला कक्ष त्या मानाने गरीब आहे. एक टेबल, दोन टेलिफोन, भिंतीवर कार्यक्षेत्राचा नकाशा, किल्ल्यांची पाटी, वर्दीची नोंदवही आणि घड्याळ. ह्या सगळ्यांत महत्त्वाची वस्तू कोणती असे विचाराल तर मी घड्याळाकडे बोट दाखवीन. त्याचे कारण पुढे येईलच.

दोन टेलिफोन कशासाठी, असे आपल्यापैकी काहींनी खर्चाच्या संदर्भात विचारले होते. त्याचे उत्तर फार जुने आणि फार लांबचे आहे. लंडन शहरात विम्पोल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर १० नोव्हेंबर १९३५ रोजी एका घराला आग लागली. समोरच्या शेजाऱ्याने लागलीच टेलिफोन उचलला, पण एक्स्चेंजमध्ये त्याचा कॉल इतर कॉलच्या रांगेतच अडकून पडला. आग लागलेल्याचा कॉल आणि खुशाली विचारणाऱ्याचा कॉल यांत फरक करण्याची काही सोयच नव्हती. त्या आगीत पाच स्त्रिया गेल्या. शेजाऱ्याने संतापून वर्तमानपत्राला पत्र लिहिले, सरकारने चौकशी नेमली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा संकटकाळचा नंबर सुरू झाला. हा नंबर फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे, म्हणजे हातातले काम टाकून ऑपरेटरने तो कॉल आधी घ्यावा. आपल्याकडचा अग्निशमनाचा १०१ आणि आताचा सर्व आपत्तींसाठीचा ११२ हे त्याच जातीचे नंबर.

आपल्या शिवारात हाच प्रकार वेगळ्या रूपाने होतो. फड पेटला की धूर चार गावांना दिसतो. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. एकाच आगीचे पंचवीस-तीस फोन दहा मिनिटांत येतात. त्यातले पहिले दोन कामाचे, बाकीचे "गाडी निघाली का?" एवढेच विचारणारे. आणि नेमक्या त्याच वेळी कार्यक्षेत्राच्या दुसऱ्या टोकाला दुसरा फड पेटला, तर त्या बिचाऱ्याला टेलिफोन लागत नाही. म्हणून एक नंबर फक्त वर्दीचा, आणि गाडी कुठवर आली हे विचारण्यासाठी दुसरा. वर्दीच्या नंबरावर तोडीची चौकशी करणाऱ्यांना आमचा माणूस दोन शब्दांत वाटेला लावतो, तो त्याचा उद्धटपणा समजू नये.

आता वर्दी घेण्याविषयी. टेलिफोन करणारा माणूस धावत आलेला असतो, मागे कालवा चाललेला असतो आणि त्याला वाटते की "पेटलाय" एवढे सांगितले म्हणजे झाले. "कुठं?" विचारले तर "आमच्या मळ्यात" म्हणतो. आता ह्या जगात 'आमचे मळे' किती! अशा वेळी टेलिफोनवरच्या माणसाने आवाज चढवायचा नाही. आवाज जितका हळू, तितका समोरचा शांत होतो. हे मी पुस्तकात वाचून नव्हे, रोज ऐकून सांगतो. प्रश्नांचा क्रमही ठरलेला आहे. गाव कोणते, शिवार कोणते. आत माणूस, पोर किंवा जनावर आहे का. काय पेटले आहे. वरून तारा गेल्या आहेत का. वारा कुणीकडे आहे. आणि शेवटी, रस्त्यावर येऊन उभे राहील असा कोण आहे, त्याचा मोबाईल नंबर काय.

दुसरा प्रश्न मी मुद्दाम वर ठेवला आहे. तोडीच्या दिवसांत टोळीची माणसे पहाटेपासून फडात असतात. आई कोयता चालवते आणि तान्हे पोर सरीत पटकुरावर निजलेले असते. कोप्या तर बहुतेक ठिकाणी फडाला लागूनच, आणि त्यांवर छप्पर पाचटाचे किंवा वाढ्यांचे. ऊस जळाला तर वजन जाते, साखर जाते, त्याचा हिशेब कसाही करता येतो. सबब माणूस आत आहे असे कळले की आमचा कक्ष पुढचे प्रश्न विचारीत बसत नाही. एक जण बोलत राहतो आणि दुसरा त्याच क्षणी गाडी सोडतो, १०८ ला रुग्णवाहिका सांगतो. गाव तेवढे कळले तरी गाडी निघते, शिवार वाटेत सांगता येते.

काय पेटले आहे, हे विचारण्याचे कारण असे की सर्व आगी पाण्याने विझत नाहीत. डीपी पेटली असेल तर प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाणी मारायचे नाही. अल्कोहोलच्या आगीवर पाण्याचा फवारा पुरा पडत नाही, तेथे फोम लागतो. बगॅसच्या ढिगाची आग वरून विझलेली दिसते आणि आत दोन-दोन दिवस धुमसते, तेथे लोडर पाठवून ढीग उकरावा लागतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन ह्या जहाजाला लागलेली आग आपण ऐकून असाल. एकाच बोटीत कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा भरलेला होता. स्फोट झाले तेव्हा आग विझवीत असलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. आपल्या फडात दारूगोळा नसतो, हे खरे. पण फडाशेजारच्या कोपीत गॅसची टाकी असते आणि कडेला उभ्या ट्रॅक्टरात डिझेल असते, हे सांगायचे लोक विसरतात.

टेलिफोन घेणारा आणि त्याच्यावर देखरेख करणारा ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती एकाने करू नयेत असे माझे ठाम मत आहे. टेलिफोन घेणाऱ्याने समोरच्या एका माणसाचे ऐकायचे. देखरेख करणाऱ्याने सगळ्या कार्यक्षेत्राकडे पाहायचे. पूर्वेच्या गावी बंब सोडला म्हणजे पश्चिमेची दहा गावे उघडी पडली, हे त्याच्या डोक्यात पाहिजे. मग तो पश्चिमेच्या गट कार्यालयातला पाण्याचा टँकर भरून तयार ठेवायला सांगतो, जवळच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राला कळवून ठेवतो. बंब गेला म्हणून हात झटकून बसला तर तो नुसता निरोप्या झाला. पाच हजार लिटरचा बंब पूर्ण दाबाने चालवला तर काही मिनिटांत रिकामा होतो. तेव्हा गाडी सुटतानाच ठरले पाहिजे की दुसरे पाणी कोठून. कोणाच्या शेततळ्यात पाणी आहे, कोणत्या विहिरीवर डिझेल इंजिन आहे (वीज तर आपणच बंद करायला लावलेली असते), कालव्याला आवर्तन आहे की नाही, हे त्याला ठाऊक असावे लागते. आमच्या भिंतीवरच्या नकाशावर निळ्या टाचण्या आहेत त्या ह्यासाठी. दर सोमवारी चिटबॉयकडून माहिती घेऊन त्या टाचण्या हलवतात.

विजेचा विषय निघालाच आहे तर थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडच्या उसाच्या आगींत झोळ पडलेल्या तारा, वाऱ्याने एकमेकींना घासणाऱ्या तारा आणि डीपीवरच्या ठिणग्या ह्यांचा वाटा मोठा आहे. बाकी कारणे आपणांस माहीत आहेत : विडीचे थोटूक, शेजाऱ्याने पेटवलेले पाचट, मोहोळ झाडायला केलेला धूर. फडावरून लाईन गेली आहे असे कळताच आमच्या कक्षातून पहिला टेलिफोन वीज कंपनीच्या उपकेंद्राला जातो. फीडर बंद करा. 'सांगितले' एवढ्यावर आम्ही थांबत नाही; 'बंद केला' असे तिकडच्या ऑपरेटरने म्हटले, की त्याचे नाव आणि वेळ वहीत जाते, आणि मगच बंबावरच्या माणसाला "मारा पाणी" असे सांगितले जाते. जागेवरच्या लोकांना हा उशीर सोसवत नाही. शिव्याही बसतात. बसू द्याव्यात. जिवंत तारेवर पाण्याची धार गेली तर नळी धरणाऱ्याचे काय होईल हे शिव्या देणाऱ्याला त्या घडीला सुचत नसते.

आता घड्याळाकडे येतो. वर्दी आली किती वाजता, गाडी सुटली किती वाजता, पोचली किती वाजता, फीडर बंद किती वाजता, आग आटोक्यात किती वाजता, ह्या पाच वेळा वहीत शाईच्या पेनने लिहिल्या जातात. खाडाखोड चालत नाही. चुकले तर एक रेघ मारून शेजारी नव्याने लिहायचे आणि सही करायची. हे कारकुनी थाट कशाला, असे नव्या मुलांना वाटते. पण तारांच्या घर्षणाने ऊस जळाला असेल तर नुकसानभरपाईसाठी तलाठ्याचा पंचनामा, पोलीस ठाण्यातली नोंद आणि विद्युत निरीक्षकाचा अहवाल अशी साखळी लागते. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ मध्ये अशा अपघाताची खबर देण्याची आणि चौकशीची तरतूद आहे. आग चारला लागली असे शेतकरी म्हणतो आणि त्या वेळी लाईन बंदच होती असे समोरून उत्तर येते, तेव्हा कोणाच्या तोंडी शब्दाला वजन राहत नाही. त्या वेळी लिहिलेल्या वहीला राहते. आपला ऊस जळाल्यास वर्दीच्या नोंदीचा उतारा मागून घ्यावा. अर्ज साध्या कागदावर चालतो. फडातल्या तुटक्या तारा, वितळलेले थेंब, खांबाचा नंबर यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत, आणि पंचनामा होईपर्यंत तेथील काही हलवू नये.

आग विझली म्हणजे अग्निशमन दलाचे काम संपते. आपल्या कक्षाचे तेव्हा अर्धे होते. कारण जळीत उसाला वेळ नाही. साल भाजून तडकते, जंतू आत शिरतात, साखर फुटू लागते आणि रसात डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो. रस दाट होतो, निवळत नाही, पॅनवर साखरेचा दाणा नीट बांधत नाही. इकडे वजनही रोज घटते. जळीत ऊस शक्यतो चोवीस तासांत गव्हाणीत पडावा. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते : जळल्यावर तोडून टाकलेला ऊस उभ्या जळीत उसापेक्षाही लवकर बिघडतो. म्हणून घाबरून मिळेल ती माणसे लावून तोडून ठेवू नका. आधी वाहन, मग कोयता.

ही तोड येते कोठून? जादा टोळी आभाळातून पडत नाही. लागणीच्या तारखेप्रमाणे ज्याचा नंबर लागलेला आहे अशा दुसऱ्या सभासदाच्या फडातून ती उचलावी लागते. त्याचा ऊस जळालेला नाही, त्याची चूक काही नाही, पण तोड चार दिवस पुढे जाते. टोळीवाले कुरकुरतात, कारण जळीत फडात वाढे मिळत नाही आणि वाढ्याच्या पेंढ्या विकून त्यांचा रोजचा बाजार होत असतो. मग खुशाली मागितली जाते. येथे कक्षप्रमुखाची खरी परीक्षा. संध्याकाळी सातला मला ज्यांचे टेलिफोन येतात त्यांत जळालेल्याचा एक आणि तोड गेलेल्याचे तीन असतात. त्या तिघांना मी वहीतली वेळ आणि क्षेत्र वाचून दाखवतो. समाधान होत नाही, पण लपवाछपवी झाली नाही एवढे पटते.

जळीताला तोड आधी मिळते, म्हणून कोणी मुद्दाम पेटवतो, असे आपण पारावर बोलताच. मी येथे लिहिले नाही म्हणून ते थांबणार नाही. गेल्या वार्षिक सभेनंतर मंडपातच एका ज्येष्ठ सभासदांनी मला दोन सूचना केल्या. संशय असेल तेथे बंब पाठवू नये ही एक, आणि जे आपले सभासद असून ऊस दुसऱ्या कारखान्याला घालतात त्यांच्याकडेही पाठवू नये ही दुसरी. त्यांचा राग मला समजतो. ज्याने पाच वर्षे इमानाने ऊस घातला त्याने बिगर गाळपवाल्यासाठी डिझेल का जाळावे? तरीही ह्या दोन्ही सूचना मला मान्य नाहीत, आणि त्या मान्य नसल्याचे मी तेथेच सांगितले. टेलिफोनवर बसलेल्या पोराने पेटवणारा कोण हे तीस सेकंदांत ठरवायचे म्हटले, तर तो ओळखी बघून ठरवील. एकदा ओळखी बघायची सवय लागली की खऱ्या वर्दीलाही गाडी अडखळते. आणि बिगर गाळपवाल्याचा फड विझवला नाही तर पुढचा बांध कोणाचा आहे? शंभरातून नव्वद वेळा आपल्याच माणसाचा. चौकशी करायची ती दुसऱ्या दिवशी, शेतकी समितीने, वही पुढे ठेवून. एकाच गटातून तीन हंगामांत तीन वर्द्या आल्या असतील तर ते वहीत दिसते. कपात कोणाला लावायची, कोणाला नाही, हे तेथे ठरावे. वर्दीला गाडी गेलीच पाहिजे.

जागेवर असणाऱ्यांसाठी एकच सांगतो. बंब येईपर्यंत वाऱ्याच्या पुढच्या अंगाला, आगीपासून पुरेसे लांब, दोन-चार सऱ्यांचा पट्टा तोडून मोकळा करा आणि पाचट बाजूला ओढा. ब्लोअर असेल तर पट्टा भिजवा. पण पेटलेल्या उसात शिरून विझवायला जाऊ नका. धुरात दिशा कळत नाही, वारा फिरला की चारी बाजूंनी आग येते. अशाने होरपळून गेलेल्या शेतकऱ्यांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

राहता राहिला पत्ता, आणि आमच्या कामातली सर्वांत मोठी अडचण हीच आहे. आपली ऊस नोंद गट नंबराने होते. जागेचा नकाशा आता मोबाईलवरून पाठवता येतो आणि तरुण मंडळी तो पाठवतातही; फार उपयोग होतो. पण मोबाईल नकाशात दिसणारी वाट बंबाच्या वजनाला सोसते का, हे त्याला कळत नाही. चारीवरची मोरी अरुंद आहे, बाभळीच्या फांद्या खाली आल्या आहेत, पावसाळ्यात वाहून गेलेला उतार अजून भरलेला नाही, ह्या गोष्टी गावच्या माणसालाच ठाऊक. शिवाय ड्रायव्हर रात्री दोन वाजता गट नंबर ओळखत नाही. तो 'म्हसोबाचा माळ', 'जुनी चिंच', 'पडकी मोट' ओळखतो.

यास्तव यंदा बॉयलर अग्निप्रदीपनाआधी शेतकी विभागाने 'खुणांची वही' पुरी करावयाचे ठरवले आहे. प्रत्येक ऊस नोंदीसमोर तीन गोष्टी लिहावयाच्या आहेत : जवळची ठळक खूण, बंब जाईल अशी वाट कोणत्या अंगाने, आणि पाणी भरायची सर्वांत जवळची जागा. आपल्या गटाचा चिटबॉय ह्यासाठी घरी येईल. त्या वेळी म्हाताऱ्या माणसांना जवळ बसवावे, कारण शिवाराची जुनी नावे त्यांनाच येतात आणि ड्रायव्हरही बहुतेक त्याच पिढीचे आहेत. ज्यांची वाट मोरीमुळे अडते त्यांनी तसे स्पष्ट लिहून द्यावे. त्या वाटांची यादी वेगळी करून हंगामाआधी मुरूम टाकण्यासाठी संचालक मंडळापुढे ठेवली जाईल. वर्दीचा नंबर ह्या अंकाच्या मलपृष्ठावर मोठ्या अक्षरांत दिला आहे, तो पान कापून विजेच्या मोटारीच्या पेटीवर आतून चिकटवावा. टोळी आपल्या फडात उतरली की मुकादमालाही तो नंबर द्यावा.